फुकट पेपरची तीस वर्षं : स्टॉकहोम, लंडन आणि आपली पस्ती

आपल्या मंडळात एरवी बडोद्याच्या बाहेरचे विषय फारसे होत नाहीत. पण गेल्या वर्षी दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या घरांतून पडून असलेल्या जुन्या वर्तमानपत्रांची यादी करायला आपण सुरुवात केली, तेव्हा माझ्याकडचं एक बाडही त्यात आलं. २००६ ते २०११ मी नोकरीसाठी लंडनला होतो. त्या काळात स्टेशनवर फुकट वाटले जाणारे चाळीसेक पेपर मी ठेवून दिले होते. बाड पाहून दोघा-तिघांनी विचारलं, "रोजचा अख्खा पेपर फुकट? मग चालायचं कसं?" तोंडी उत्तर दिलं ते अपुरं वाटलं, म्हणून हा लेख.

आधी फुकट पेपर म्हणजे काय ते स्पष्ट करतो. आपल्या पेपरात घडी घालून येणारी जाहिरातपत्रकं किंवा महिन्यातून एकदा सोसायटीत टाकलं जाणारं चार पानी स्थानिक पत्र मला इथे अभिप्रेत नाही. सोमवार ते शुक्रवार निघणारं, तीस-चाळीस-पन्नास पानांचं, पूर्ण रंगीत, बातम्या, खेळ, सिनेमा, शब्दकोडं, हवामान असं सगळं असलेलं दैनिक, आणि किंमत शून्य. ते घरी येत नाही. कामावर जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला ते स्टेशनात मिळतं आणि उतरेपर्यंत वाचून संपतं. प्रकाशकाची सगळी कमाई जाहिरातींची.

या प्रकाराचा जन्म १९९५ सालचा. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो युरोप, अमेरिका, कॅनडा आणि आशियातल्या काही शहरांत पसरला, आणि आता बहुतेक ठिकाणी संपला आहे. वर्तमानपत्राच्या एका जातीचा जन्म, भरभराट आणि अंत एकाच पिढीला पाहता यावा, हे इतिहासाच्या अभ्यासात क्वचितच घडतं.

आधी बडोद्याचा फुकट पेपर

पैसे न देता पेपर वाचणं बडोदेकरांना मुळीच नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी हे त्या जाळ्याचं केंद्र. खेड्यांसाठी नियम असा होता की गावानं जेवढी रक्कम जमवायची तेवढीच पंचायतीनं आणि तेवढीच सरकारनं घालायची. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. आणि वाचनालय म्हटलं की वर्तमानपत्रांचं टेबल आलंच.

माझ्या लहानपणी घरी एकच गुजराती पेपर यायचा. मुंबईचे मराठी पेपर गाडीनं यायचे आणि आजोबा ते वाचनालयात जाऊन वाचायचे. खिशातून त्यांनी कधी दमडी दिली नाही. पण त्या पेपरचे पैसे कुणीतरी भरतच होतं : कर भरणारे, वर्गणीदार, देणगीदार.

हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फुकट म्हणजे बिनपैशाचं नव्हे, दुसऱ्यानं पैसे भरलेलं. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की तो दुसरा कोण, आणि तो किती दिवस भरणार.

स्टॉकहोमची युक्ती

१३ फेब्रुवारी १९९५ रोजी स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेत 'मेट्रो' नावाचं दैनिक वाटायला सुरुवात झाली. कल्पना तिघांची : पेले आंडेरसन, रॉबर्ट ब्राउनरहिएल्म आणि मोनिका लिंडस्टेट. पैसा उभा केला तो यान स्टेनबेक या उद्योगपतीच्या कंपनीनं.

यातली खरी युक्ती छपाईत किंवा बातमीत नव्हती, ती वाटपात होती. पेपरचा धंदा करणाऱ्या कुणालाही विचारा, छापून झालेला अंक भल्या पहाटे हजारो दारांपर्यंत पोचवणं हे मोठं खर्चाचं आणि कटकटीचं काम. 'मेट्रो'नं ते काम प्रवाशावरच सोपवलं. शहराच्या वाहतूक कंपनीशी करार केला आणि स्टेशनांत पेट्या ठेवल्या. माणूस रोज स्टेशनात येतोच, जाता जाता अंक उचलतो. घरोघर टाकणारा माणूस नको, दुकानदाराचं कमिशन नको, महिन्याचं बिल नको, न खपलेल्या अंकांचा हिशेब नको.

दुसरी काटकसर संपादकीय खात्यात होती. मोठ्या दैनिकात शेकडो माणसं असतात, इथे मोजकीच. बऱ्याचशा बातम्या वृत्तसंस्थेच्या, त्या कापून लहान केलेल्या. अग्रलेख नाही. पक्षाची बाजू नाही. अंक वीस मिनिटांत वाचून व्हावा असा बेतलेला. स्वित्झर्लंडमध्ये १९९९ साली निघालेल्या फुकट पेपरचं तर नावच 'ट्वेंटी मिनिट्स' या अर्थाचं होतं, पुढे फ्रान्स आणि स्पेनमध्येही त्याच नावाचे पेपर निघाले.

तिसरी गोष्ट वाचकाची. तिशीच्या आतबाहेरची, नोकरी करणारी, शहरात राहणारी माणसं पेपर विकत घेणं सोडत चालली होती. जाहिरातदारांना हवी असतात ती नेमकी हीच माणसं, कारण मोबाइल, सिनेमा, सहली, कपडे यांवर खर्च तेच करतात. 'मेट्रो'नं जाहिरातदारांना सांगितलं, ही मंडळी रोज सकाळी आमच्या हाती आहेत, गाडीत बसलेली आहेत आणि त्यांना दुसरं काही करायला नाही. १९९५ साली हे अगदी खरं होतं.

पुढे 'मेट्रो' प्राग, बुडापेस्ट, नेदरलँड्स, फिलाडेल्फिया, टोरांटो, बोस्टन, हाँगकाँग असा पसरत गेला. सगळीकडे स्वागत झालं असं नाही. २००२ साली पॅरिसमध्ये तो आला तेव्हा छापखाना कामगारांच्या संघटनेनं विरोध केला, अंकांचे गठ्ठे रस्त्यावर फेकले गेले. कामगारांचं म्हणणं सोपं होतं : आज फुकट पेपर, उद्या आमची नोकरी. सिंगापुरात २००० साली 'टुडे' आणि 'स्ट्रीट्स' हे दोन फुकट पेपर एकमेकांसमोर उभे राहिले. चार वर्षांत 'स्ट्रीट्स' 'टुडे'त विलीन झाला, आणि २०१७ मध्ये 'टुडे'चीही छापील आवृत्ती थांबली.

लंडनमधली लढाई

लंडनची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती मी गाडीत बसून पाहिली.

स्वीडनचा 'मेट्रो' लंडनला येणार अशी कुणकुण लागली तेव्हा 'डेली मेल'च्या मालकांनी स्वतःच १६ मार्च १९९९ रोजी फुकट सकाळचा पेपर काढला आणि नाव ठेवलं 'मेट्रो'. म्हणजे नाव तेच, कंपनी वेगळी. लंडनच्या भुयारी रेल्वेशी करार करून स्टेशनातल्या पेट्या त्यांनी आधीच ताब्यात घेतल्या, त्यामुळे स्वीडनवाल्यांना लंडनचं दार बंद झालं. पेट्या ज्याच्या त्याचा पेपर, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

सकाळ अशी वाटून गेल्यावर राहिली संध्याकाळ. संध्याकाळचा राजा होता 'इव्हनिंग स्टँडर्ड', १८२७ पासूनचा, विकत मिळणारा. स्टेशनबाहेर त्याचे विक्रेते उभे असत आणि मथळ्याचा फलक पायाशी ठेवून आरोळी देत. २००६ च्या ऑगस्ट अखेरीला 'डेली मेल'च्याच मालकांनी 'लंडन लाइट' हा संध्याकाळचा फुकट पेपर काढला आणि पाचच दिवसांनी, ४ सप्टेंबरला, रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीनं 'द लंडन पेपर' काढला. 'स्टँडर्ड'ही तेव्हा 'डेली मेल'वाल्यांचाच होता. म्हणजे मर्डॉकना अडवण्यासाठी त्यांनी आपल्याच विकत्या पेपरसमोर आपलाच फुकटा पेपर उभा केला.

मी त्याच सुमारास तिथे पोचलो. वेम्बली पार्कहून शहरात जायचो. दुपारी चारनंतर ऑफिसांच्या भागात प्रत्येक कोपऱ्यावर वाटणारी मुलं उभी असायची, अंगात जांभळं जाकीट, काखेत गठ्ठा. एकाला नको म्हणून हात हलवावा तर पाच पावलांवर दुसऱ्या पेपरचा माणूस. त्यांत बरीच मुलं आपल्याकडची, शिकायला आलेली. माझ्या ओळखीचा एक नांदेडचा मुलगा दोन संध्याकाळी हे काम करायचा. तो म्हणायचा, "गठ्ठा संपला की सुट्टी, म्हणून माझा हात पुढे आणि पाय घरी."

'द लंडन पेपर'चे रोज सुमारे पाच लाख अंक वाटले जात, 'लंडन लाइट'चे सुमारे चार लाख. अंक सरासरी शंभर ग्रॅमचा धरला तर रोज संध्याकाळी नव्वद टन कागद शहराच्या मध्यभागी सोडला जात होता. गाडी सुटताना सगळ्या सीटवर, खिडक्यांच्या मागे, पायाखाली पेपर. वेस्टमिन्स्टरच्या नगरपालिकेची आणि प्रकाशकांची या कचऱ्यावरून बरीच जुंपली.

आणि तरीही लोक वाचत होते, हेही सांगितलं पाहिजे. जमिनीखाली फोनला सिग्नल नसे, समोरच्या अनोळखी माणसाशी बोलायची तिथे पद्धत नाही, त्यामुळे डबाभर लोक एकच पान वाचताना दिसायचे. गाडीत दिसलेल्या अनोळखी व्यक्तीला निरोप पाठवायचं एक सदर या पेपरांत असे. अमुक लाइनवर, अमुक वाजता, हिरव्या कोटातल्या मुलीस, कॉफी घेणार का, अशा धर्तीचं. मला ते सदर फार आवडायचं. आज माझ्या बाडातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे असं मला वाटतं. मंत्र्यांची भाषणं कुठेही सापडतील, पण २००७ साली लंडनचा कारकून संध्याकाळी सहा वाजता काय बोलायला धजत नव्हता, ते कुठे सापडणार?

पैशाचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. त्याचा हिशेब असा.

विकत्या पेपरला दोन हात असतात, विक्री आणि जाहिरात. जाहिरात कमी झाली की तो किंमत वाढवतो, पानं कमी करतो, वर्गणीदार टिकवतो. फुकट्या पेपरला एकच हात. त्यातून त्याची दुसरी अडचण जास्त वाईट : अंक जितके जास्त वाटावे तितका खर्च जास्त, पण जाहिरातीचा दर मात्र आपोआप वाढत नाही. कमी वाटले तर जाहिरातदार म्हणतो, तुमच्यापेक्षा समोरचा जास्त लोकांपर्यंत जातो. दोन फुकटे पेपर समोरासमोर आले की दोघंही अंक वाढवत जातात आणि दर पाडत जातात. 'द लंडन पेपर'चा जून २००८ ला संपलेल्या वर्षाचा तोटा १ कोटी २९ लाख पौंड होता. त्या वर्षी त्याची एकूण कमाई होती १ कोटी ४१ लाख. म्हणजे एक पौंड मिळवायला जवळजवळ दोन पौंड घालायचे.

२००८ च्या शेवटी मंदी आली. बँका, घरदलाल, नोकरीच्या जाहिराती एका झटक्यात आटल्या. १८ सप्टेंबर २००९ ला 'द लंडन पेपर' बंद झाला, १३ नोव्हेंबरला 'लंडन लाइट'. समोरचा शत्रू मेल्यावर 'लाइट'चं कामही संपलं होतं. तीन वर्षांची लढाई, दोघंही गेले. स्पेनमध्येही त्याच सुमारास असंच झालं, 'मेट्रो' २००९ मध्ये, 'आ-दे-एने' २०११ मध्ये आणि 'के' २०१२ मध्ये बंद पडला.

या सगळ्यात 'इव्हनिंग स्टँडर्ड'चं काय झालं ते फार बोलकं आहे. विकता पेपर दोन फुकट्यांच्या मध्ये चेपला गेला. २००९ च्या जानेवारीत तो अलेक्झांडर लेबेदेव या रशियन धनिकानं नाममात्र किमतीला घेतला आणि १२ ऑक्टोबर २००९ पासून चक्क फुकट केला. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं विकला गेलेला पेपर! अंक अडीच लाखांवरून सहा लाखांवर गेले आणि पुढे आणखी वाढले. दुकानदारांचं कमिशन वाचलं, गावभर पाठवायच्या गाड्या वाचल्या, मैदानात दुसरा फुकटा उरला नव्हता. काही वर्षं तो नफ्यातही होता. ब्रिटनचे माजी अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न २०१७ मध्ये त्याचे संपादक झाले, यावरून त्याचं वजन कळावं. सकाळचा 'मेट्रो' तर २०१८ मध्ये वाटपाच्या आकड्यात 'द सन'च्याही पुढे गेला. म्हणजे ब्रिटनमधलं सर्वांत जास्त प्रती निघणारं दैनिक हे फुकट वाटलं जाणारं दैनिक होतं.

पण तोवर डब्यातलं चित्र पालटलेलं होतं.

सिग्नल आला आणि पेपर गेला

लंडनच्या भुयारी स्टेशनांत वाय-फाय आलं ते २०१२ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर. २०२० पासून बोगद्यांतही मोबाइलचं जाळं पोचायला लागलं. फुकट पेपरचं सगळं गणित "माणूस वीस मिनिटं अडकलेला आहे आणि त्याला दुसरं काही करायला नाही" या एका वाक्यावर उभं होतं. फोननं ते वाक्यच खोडलं. जाहिरातदारांनाही फोन बरा वाटला. तिथे कुणी काय पाहिलं ते मोजता येतं, सीटवर पडलेल्या अंकात ते कळत नाही.

वॉशिंग्टनमध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'चा 'एक्स्प्रेस' हा फुकट पेपर २००३ पासून मेट्रोच्या दाराशी वाटला जात होता. १२ सप्टेंबर २०१९ च्या शेवटच्या अंकात त्यांनी पहिल्या पानावर प्रवाशांच्या फोनला चिडून टोमणा मारला आणि दुकान बंद केलं. त्याच वर्षी स्वीडनमधल्या मूळ 'मेट्रो'चीही छपाई थांबली, जिथे जन्म झाला तिथेच.

मग कोविड आला. पेपर फुकट असला तरी तो घ्यायला स्टेशनात माणूस यावा लागतो, आणि माणूसच येईना. साथ ओसरल्यावरही कचेऱ्यांनी आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम हा प्रकार चालू ठेवला. सोमवारी आणि शुक्रवारी गाड्या मोकळ्या. 'इव्हनिंग स्टँडर्ड'चा रोजचा अंक १९ सप्टेंबर २०२४ ला शेवटचा निघाला. पुढच्या आठवड्यापासून तो 'द लंडन स्टँडर्ड' नावानं साप्ताहिक झाला. रोजचा अंक बंद करताना कंपनीनं कारणं दिली ती हीच : भुयारी रेल्वेतलं वाय-फाय आणि कमी झालेले प्रवासी. स्वित्झर्लंडच्या फुकट पेपरची छपाई थांबवायचा निर्णय २०२५ साली जाहीर झाला. लंडनचा सकाळचा 'मेट्रो' तेवढा टिकून आहे, तोही पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी प्रतींत.

आपल्याकडे का आला नाही?

मुंबईच्या लोकलमधून रोज सत्तर-पंच्याहत्तर लाख फेऱ्या होतात. एवढे अडकलेले वाचक जगात फार कमी ठिकाणी असतील. आपल्या बडोदा-अमदावाद, बडोदा-सुरत अपडाउन करणाऱ्यांचंच घ्या : तास-दीड तास गाडीत, ठरलेला डबा, ठरलेला ग्रुप, एक पेपर आणि सहा वाचक. असं असूनही स्टेशनात फुकट वाटलं जाणारं दैनिक आपल्याकडे मूळ धरू शकलं नाही. मला याची तीन कारणं दिसतात.

पहिलं, आपला विकत मिळणारा पेपरच जवळजवळ फुकट आहे. छपाईचा खर्च वाचकानं भरावा हे आपल्याकडे मोठ्या इंग्रजी दैनिकांनी फार पूर्वीच सोडून दिलं. १९९४ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'नं दिल्लीत किंमत दीड रुपयावर आणली आणि भावयुद्ध सुरू झालं. २००५ साली मुंबईत 'डीएनए' आणि 'हिंदुस्तान टाइम्स' येणार म्हणताना 'टाइम्स'नं 'मुंबई मिरर' काढला आणि आपल्या वाचकांना तो सोबत फुकट दिला. लंडनमध्ये जे युद्ध स्टेशनच्या दारात झालं ते आपल्याकडे घराच्या दारात झालं.

दुसरं कारण पेपरवाला. आपल्याकडे पेपर पहाटे दारात येतो तो त्याच्यामुळे, आणि त्याची कमाई किमतीवरच्या कमिशनची. शून्य रुपयावर कमिशन किती? शून्य. लंडन, स्टॉकहोममध्ये घरोघर टाकणारी व्यवस्था महाग होती, म्हणून तिला वळसा घालण्यात फायदा होता. आपल्याकडे ती स्वस्त आणि चोख आहे, तिला वळसा घालून मिळवायचं काय?

तिसरं कारण मला सर्वांत पक्कं वाटतं, आणि ते म्हणजे पस्ती. महाराष्ट्रात रद्दी म्हणतात, आपण बडोदेकर पस्ती. लंडनला वाचलेला पेपर हा कचरा, त्याच्या विल्हेवाटीचा खर्च नगरपालिकेला. आपल्याकडे वाचलेला पेपर हा माल. आमच्या गल्लीत पस्तीवाला किलोला बारा-पंधरा रुपये देतो. शंभर ग्रॅमचा अंक म्हणजे दहा अंकांचा किलो. स्टेशनात पाचशे फुकट अंकांचा गठ्ठा ठेवला तर तो पन्नास किलो कागद, सहाशे-साडेसातशे रुपयांचा. वाचकाचा हात लागण्याआधीच तो गठ्ठा पस्तीच्या काट्यावर गेला नाही तर नवल. फुकट ते पौष्टिक म्हणतात ते उगाच नाही! विकत्या पेपरला मात्र याच पस्तीचा आधार आहे. महिन्याच्या बिलातले थोडे पैसे परत येतात, म्हणून घरात पेपर चालू राहतो.

म्हणजे आपल्याकडे पेपरला कागद म्हणून जी किंमत आहे, तिनंच फुकट पेपरला अडवलं.

मग यात गमावलं काय?

फुकट पेपरबद्दल मला हळवं व्हायचं नाही. बातम्या बऱ्याचशा उसन्या होत्या, शोधपत्रकारिता नावाला, नट-नट्यांच्या भानगडी भरपूर. पण दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

एक म्हणजे, वाचकाला फुकटची सवय लागल्यावर विकता पेपर मागे हटला, आणि मग फुकटाही गेला. ऐंशी-नव्वद लाख वस्तीच्या लंडनला आज शहराच्या बातम्यांना वाहिलेलं, मोठ्या खपाचं, रोज छापलं जाणारं संध्याकाळचं पत्र नाही. नगरपालिकेच्या सभेत, कोर्टात, बसच्या भाड्यावर रोज बसून लिहिणारी माणसं कमी झाली. जो दुसरा पैसे भरत होता त्याला दुसरीकडे बरं मिळालं आणि तो उठून गेला. बडोद्याच्या वाचनालयाचे पैसे भरणारे आपलेच लोक होते, त्यामुळे त्यांना उठून जायला दुसरं ठिकाण नव्हतं. खर्च कुणी उचलायचा हे ठरवताना हा फरक मोजावा लागतो. आज फोनवर आपण जे फुकट वाचतो त्यालाही हेच लागू आहे.

दुसरी गोष्ट आपल्या कामाची. ज्याची लाखो प्रती निघाली ते टिकेल असं वाटतं, प्रत्यक्षात उलट होतं. विकत घेतलेला अंक माणूस क्वचित तरी जपतो, कात्रण काढतो. फुकटचा अंक सीटवर टाकतो. ब्रिटनमध्ये कायद्यानं ब्रिटिश लायब्ररीत प्रत द्यावी लागते म्हणून तिथे निदान एक संच राहतो. आपल्याकडेही १९५४ चा कायदा आहे आणि १९५६ पासून त्यात वर्तमानपत्रं आली. पण कायद्याखाली येतं ते नोंदलेलं पत्र. गल्लीत वाटलेलं जाहिरातपत्र, निवडणुकीतलं दोन पानी वार्तापत्र, गणेशोत्सवाच्या मंडळाचं वर्षाकाठचं पत्रक, व्यापाऱ्यांच्या संघाचं फुकट मासिक, यांतलं फार थोडं कुठे ठेवलं जातं. दामोदर सावळाराम यंदे यांच्या 'श्रीसयाजीविजय'चे अंक शोधताना आपली किती दमछाक होते ते मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि तो तर दाम मोजून घेतलेला पेपर होता.

म्हणून यादीच्या कामात आपण एक रकाना वाढवला आहे : "फुकट वाटलेलं". घरातला असा कागद मिळाला तर चार गोष्टी पेन्सिलीनं त्याच्या मागे लिहून ठेवाव्यात : कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कुणी वाटला आणि पैसे कुणाचे असावेत. बातमीचा कागद स्वस्त, त्यात लाकडाचा अंश जास्त, उन्हात लवकर पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. तेव्हा अंक उघडून सपाट ठेवा, कोरड्या जागी, आणि स्टेपल काढून टाका, ती गंजते. रबर लावू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. शक्य झालं तर फोननं सगळ्या पानांचे फोटो काढा, जाहिरातींच्या पानांसकट. पैसे कुणी भरले ते त्या पानांवरूनच कळतं.

दिवाळीआधी घरं आवरली जातात आणि पस्तीवाला वर्षातली सर्वांत मोठी फेरी मारतो. त्याच्या काट्यावर गठ्ठा ठेवण्याआधी एकदा चाळून घ्या. पाव किलो कागद बाजूला काढलात तर तीन-चार रुपये कमी मिळतील.